पायरी आणि प्रकृती : रॉबर्ट सपोल्स्की यांचे ताणाविषयीचे संशोधन

‘टेन्शन’ हा शब्द आज खेड्यातल्या आजीच्याही तोंडी आहे. मुलाची दहावी, मुलीचे लग्न, नोकरीतली बदली, घराचा हप्ता, कशाचेही टेन्शन असते आणि त्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला असतो, ‘टेन्शन घेऊ नकोस.’ जणू ती दुकानात मांडलेली वस्तू आहे आणि घ्यायची की नाही हे आपल्या मर्जीवर आहे. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो याविषयी शंका नाही. परंतु त्यात एक गृहीत दडलेले असते. ते असे की ताण हा ज्याला होतो त्याच्याच स्वभावाचा दोष होय. शरीरशास्त्रातील गेल्या काही दशकांचे संशोधन या गृहीताला दुजोरा देत नाही. या संशोधनातील एक महत्त्वाचे नाव म्हणजे अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट सपोल्स्की. आफ्रिकेच्या गवताळ रानात बबून माकडांचे रक्त तपासून त्यांनी जे शोधले, त्याची ओळख संस्थेच्या सभासदांना आणि विशेषतः विद्यार्थी मित्रांना करून द्यावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शरीरातील निरोपाची वाट

आधी आपल्या शरीरात काय घडते ते पाहिले पाहिजे, कारण ते समजल्याशिवाय पुढचे काही समजणार नाही.

समजा, रस्ता ओलांडताना अचानक ट्रक अंगावर आला. क्षणार्धात छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, पायांत कुठूनसे बळ येते आणि आपण उडी मारून बाजूला होतो. हे काम प्रामुख्याने मज्जासंस्थेचे आणि ॲड्रिनॅलिन या संप्रेरकाचे. संप्रेरक म्हणजे ज्याला आपण हॉर्मोन म्हणतो तो, ग्रंथीतून थेट रक्तात सोडलेला रासायनिक निरोप. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींच्या गाभ्यातून ॲड्रिनॅलिन सेकंदांत रक्तात येते आणि काम झाले की लवकर ओसरते.

त्याच वेळी एक दुसरा, सावकाश चालणारा निरोपही निघालेला असतो. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग आहे. संकटाची वर्दी मिळताच तेथून सीआरएच नावाचे संप्रेरक पाझरते. ते लगतच्या वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीला पोचते. पिट्युटरी एसीटीएच नावाचा दुसरा निरोप रक्तात सोडते, तो खाली ॲड्रिनल ग्रंथीच्या सालीपर्यंत येतो आणि मग ती साल कॉर्टिसॉल तयार करू लागते. या साखळीतली पहिली कडी, सीआरएच, हाती लागायला फार वेळ लागला. अमेरिकेतील साल्क संस्थेत वायली व्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली तिची रचना उलगडली. ती ४१ अमिनो आम्लांची माळ निघाली.

कॉर्टिसॉल रक्तातून सर्व शरीरभर फिरते, परंतु ज्या पेशीत त्याचा ग्राहक-रेणू असतो तीच पेशी हा निरोप वाचू शकते. ग्राहक-रेणूला चिकटून कॉर्टिसॉल पेशीच्या केंद्रकात शिरते आणि काही जनुके चालू तर काही बंद करते. परिणाम असा होतो की साठवलेली साखर रक्तात आणली जाते आणि पचन, वाढ, प्रजनन, जखमा भरणे, रोगांशी लढणे ही दीर्घ मुदतीची कामे मागे ठेवली जातात. घराला आग लागली असता कोणी भिंती रंगवीत बसत नाही, तसाच हा प्रकार आहे. संकट अर्ध्या तासाचे असेल तर ही व्यवस्था उत्तम होय.

परंतु आग विझल्यावर पंप बंद व्हावयास हवा. त्याचीही सोय आहे. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत जसा तरंगता गोळा असतो आणि पाणी वर आले की तोच नळ बंद करतो, तसे कॉर्टिसॉल पुरेसे झाले की मेंदू व पिट्युटरी ते ओळखतात आणि वरचे निरोप थांबवतात. ही उलट दिशेची सूचना आपल्या विषयाच्या केंद्रस्थानी आहे.

(येथेच एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतो. दमा, संधिवात किंवा त्वचेच्या विकारांसाठी स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या जातात, त्या कॉर्टिसॉलच्याच कुळातल्या. त्या दीर्घकाळ घेतल्या तर टाकी भरलेलीच आहे असे मेंदूला वाटत राहते आणि स्वतःची ॲड्रिनल ग्रंथी सुस्तावते. अशा वेळी बरे वाटू लागले म्हणून गोळी एकदम सोडणे जिवावर बेतू शकते. ती डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळूच कमी करावी लागते. अनेक घरांत हे ठाऊक नसते.)

दीर्घ ताणाने शरीर झिजते याची पहिली ठळक नोंद हान्स सेल्ये यांनी १९३६ साली कॅनडातील माँट्रियल येथून ‘नेचर’ या नियतकालिकात एका छोट्या टिपणाद्वारे केली. उंदरांना कोणत्याही प्रकारचा त्रास दिला, थंडी असो वा इजा, तरी त्यांच्या ॲड्रिनल ग्रंथी सुजत, रोगप्रतिकाराशी संबंधित थायमस ग्रंथी आक्रसत आणि पोटात व्रण पडत. परंतु पिंजऱ्यातल्या उंदराचा त्रास आणि समाजात राहणाऱ्या प्राण्याचा त्रास यात फरक आहे. आपला बहुतेक ताण थंडीचा नसतो, तो दुसऱ्या माणसांकडून आलेला असतो.

माकडांच्या टोळीत एक विद्यार्थी

सपोल्स्की यांचा जन्म १९५७ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाला. हार्वर्ड विद्यापीठातून पदवी घेताच १९७८ साली ते केनियातील मासाई मारा या अभयारण्यात गेले आणि पुढील पंचवीसहून अधिक वर्षे दरवर्षी काही महिने तेथे तंबूत राहून काम करीत राहिले. उरलेला काळ प्रयोगशाळेत जाई. प्रथम रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅकएवेन यांच्या हाताखाली, नंतर वर उल्लेखिलेल्या वायली व्हेल यांच्याकडे आणि पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक म्हणून. एकच माणूस वर्षाचा काही काळ रानात आणि उरलेला काळ परीक्षानळीशी, असे विज्ञानात क्वचित घडते.

बबूनच का निवडले? हा प्राणी आपल्याकडील लाल तोंडाच्या माकडाचा जवळचा भाऊबंद होय (काळ्या तोंडाच्या वानराचा तितका जवळचा नव्हे). पन्नास ते शंभर जणांची टोळी असते. त्या रानात खाणे मुबलक असल्याने दिवसाचे चारेक तास चरले की पोट भरते आणि टोळी मोठी असल्यामुळे शिकारी श्वापदांचे भयही फारसे नसते. मग उरलेला सगळा दिवस एकमेकांना छळण्यासाठी मोकळा मिळतो. नरांत स्पष्ट पायऱ्या असतात. वरचा नर खालच्याच्या हातातले कंद हिसकावतो, सावलीची जागा घेतो. स्वतः कोणाकडून हरला तर तो राग खालच्यावर काढतो. तो खालचा आणखी खालच्यावर, आणि शेवटी एखाद्या मादीवर किंवा पिल्लावर. कार्यालयात ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना या साखळीचा अधिक खुलासा करण्याची गरज नाही.

थोडक्यात, भूक, वाघ-सिंह, रोगराई बाजूला ठेवून निव्वळ आपल्याच जातभाईंकडून होणारा ताण पाहावयाचा, तर हा प्राणी सोयीचा होता.

आता अडचण अशी की रानटी प्राण्याला पकडणे हाच मोठा ताण आहे. पकडून रक्त काढले तर त्यात पकडल्याचेच कॉर्टिसॉल सापडणार. सपोल्स्की यांनी त्यासाठी फुंकनळी वापरली. भुलीचे औषध भरलेली सुई फुंकरीने माकडाच्या पुठ्ठ्यावर मारायची. पण केव्हाही नाही. कॉर्टिसॉल पहाटे-सकाळी जास्त आणि रात्री कमी असते, म्हणून सर्व नमुने दिवसाच्या ठराविक वेळेलाच घ्यावयाचे. त्या दिवशी भांडलेला, जखमी, आजारी अथवा मादीसोबत असलेला नर वगळायचा. नर पाठमोरा असला पाहिजे, सुई येताना त्याला दिसता कामा नये. आणि भूल चढताच, कॉर्टिसॉल वाढण्याआधी, पहिला नमुना घ्यावयाचा. एका नमुन्यासाठी कित्येक दिवस थांबावे लागे. विद्यार्थी मित्रांनी या तपशिलाकडे विशेष लक्ष द्यावे. निष्कर्ष सगळेच लक्षात ठेवतात, पण निष्कर्षाची किंमत अशा वाट पाहण्यावर ठरते.

बंद न होणारा नळ

१९८२ पासून या कामाचे निष्कर्ष प्रसिद्ध होऊ लागले. पायऱ्या स्थिर असलेल्या टोळीत वरच्या नरांचे शांत वेळचे कॉर्टिसॉल कमी असे. सुई लागली, म्हणजे खरे संकट आले, की ते झपाट्याने वाढे. खालच्या नरांचे उलट होते. काहीही घडत नसताना, झाडाखाली बसलेले असतानाही त्यांचे कॉर्टिसॉल चढलेले, आणि खरे संकट आले की वाढ मात्र मंद. जणू ज्याच्या घरी रोजच भोंगा वाजतो, त्याला आग लागल्याचा भोंगा वेगळा ऐकूच येत नाही. संकटाच्या पहिल्या तासात वरच्यांचे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक वाढे, तर खालच्यांचे घसरे. खालच्यांच्या रक्तात हृदयाचे रक्षण करणारे एचडीएल कोलेस्टेरॉलही कमी आढळले.

हा बिघाड साखळीच्या कोणत्या कडीत आहे? येथे सपोल्स्की यांचे काम एखाद्या जाणत्या मेकॅनिकसारखे आहे. त्यांनी डेक्सामेथासोन हे कृत्रिम स्टिरॉइड टोचून पाहिले. (करोनाच्या साथीत २०२० साली हेच औषध गंभीर रुग्णांना दिले गेले, त्यामुळे नाव अनेकांना परिचित असेल.) हे औषध म्हणजे मेंदूला दिलेली खोटी खबर की टाकी भरली आहे, नळ बंद करा. वरच्या नरांत नळ बंद झाला. खालच्या नरांत तो नीट बंद होईना. मग त्यांनी सीआरएच टोचून पाहिले. खालच्या नरांची पिट्युटरी त्याला कमी प्रतिसाद देत होती. म्हणजे अतिरिक्त निरोप ती आपण होऊन पाठवीत नव्हती. मेंदूच सतत हाका मारीत होता आणि त्या हाकांना ती जणू निर्ढावली होती. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या या कामाचा अर्थ असा की दोष ॲड्रिनलचा नाही, पिट्युटरीचाही नाही. तो सर्वांत वर, मेंदूत आहे. तीव्र नैराश्य असलेल्या अनेक माणसांत नेमके असेच चित्र त्यापूर्वी दिसून आले होते.

आता ‘टेन्शन घेऊ नकोस’ या सल्ल्याकडे पुन्हा पाहावे. ज्याची बंद करण्याची कळच परिस्थितीने ढिली केली आहे, त्याला आपण कळ दाबायला सांगत असतो.

मेंदूवर खुद्द कॉर्टिसॉलचा परिणाम होतो हा धागा त्यांच्या गुरूंचा. मॅकएवेन यांनी १९६८ साली दाखविले की उंदराच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा स्मृतीशी निगडित भाग हे संप्रेरक धरून ठेवतो. हाच भाग नळ बंद करण्यातही मदत करतो. १९८६ साली सपोल्स्की व मॅकएवेन यांनी असा विचार मांडला की जास्त कॉर्टिसॉलने तेथील पेशी मरतात, त्यामुळे नळ अधिकच सैल होतो आणि हे चक्र वाढत जाते. पुढील संशोधनाने यात दुरुस्ती केली. बहुतेक वेळा पेशी मरत नाहीत, त्यांच्या फांद्या आखडतात आणि ताण हटला तर पुष्कळशा परत वाढतात. ही दुरुस्ती दिलासा देणारी आहे. परीक्षेच्या काळात रात्र-रात्र जागून पाठ केलेले ऐन वेळी आठवत नाही, अशी तक्रार करणाऱ्या विद्यार्थ्याचा मेंदू कायमचा बिघडलेला नसतो.

पायरी हेच कारण काय?

सर्व दोष खालच्या पायरीवर टाकून मोकळे होता येत नाही, हेही याच कामातून दिसून आले. १९८३ साली सपोल्स्की यांनी असे प्रसिद्ध केले की टोळीतली व्यवस्था कोलमडून रोज पायऱ्या बदलू लागल्या की वरच्या नरांची कमी कॉर्टिसॉलची सवलत संपते. सत्ता असून ती उद्या राहील की नाही हे माहीत नसणे, हाही ताणच. स्वभावाचाही वाटा होता. प्रतिस्पर्धी लांब झोपला आहे आणि प्रतिस्पर्धी समोर येऊन दात दाखवतो आहे यांतला फरक ओळखणाऱ्या नरांचे कॉर्टिसॉल, त्याच पायरीवरील इतरांपेक्षा कमी असे.

२०११ साली केनियातल्याच अंबोसेली येथील पाच टोळ्यांतील १२५ नरांचा नऊ वर्षांचा अभ्यास ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. तेथे रक्ताऐवजी विष्ठेतील संप्रेरके मोजली होती. वरून दुसऱ्या क्रमांकाच्या नराची स्थिती चांगली, खाली जावे तसा ताण वाढलेला, हे मासाई माऱ्याशी जुळणारे होते. परंतु अगदी पहिल्या क्रमांकाच्या नराचा ताण जवळजवळ तळाच्या नराएवढा निघाला. आमच्या मते हा निष्कर्ष मूळ कामाला खोटे पाडत नाही, त्यातला ढोबळपणा मात्र काढून टाकतो.

माणसांचे काय? लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतील नोकरांचा व्हाइटहॉल अभ्यास १९६७ साली सुरू झाला. हे सारे नोकरदार, कोणी उपाशी नाही, उपचार सर्वांना उपलब्ध. तरीही १९७८ साली मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांनी दाखविले की तळाच्या दर्जाच्या नोकरांत हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण सर्वोच्च दर्जाच्या अधिकाऱ्यांच्या तिपटीहून अधिक होते. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब वजा केला तरी हा फरक अर्ध्याहून अधिक शिल्लक राहिला. शिवाय ही फक्त वर-खाली अशी दुफळी नव्हती. प्रत्येक पायरीवरचा माणूस वरच्यापेक्षा थोडा अधिक आजारी होता. कामावर स्वतःचे नियंत्रण किती, हा मुद्दा नंतरच्या अभ्यासांत पुढे आला.

येथे एक इशारा आवश्यक वाटतो. ज्या देशात माणसाची पायरी जन्मावरून ठरवली गेली, तेथील वाचकाला या माकडांत आपला इतिहास दिसणे स्वाभाविक आहे. परंतु नर बबूनची पायरी जन्माने ठरत नाही, ती दरवर्षी बदलू शकते. आईची पायरी मुलीला मिळते ती माद्यांत, आणि या अभ्यासातील रक्ताचे नमुने प्रामुख्याने नरांचे आहेत. शिवाय ‘माकडांतही उच्चनीच असतेच, मग ते नैसर्गिकच’ असे म्हणणारेही निघतात. त्यांच्यासाठी पुढील हकिगत आहे.

कचऱ्याच्या खड्ड्याची गोष्ट

सपोल्स्की यांच्या पहिल्या टोळीला ‘फॉरेस्ट ट्रूप’ असे नाव होते. तिच्या शेजारी पर्यटकांचे एक विश्रामगृह होते आणि त्याच्या कचऱ्याच्या खड्ड्यावर दुसरी टोळी जगत असे. फॉरेस्ट टोळीतले काही नर रोज पहाटे तेथे जाऊन मारामारी करून उष्टे-खरकटे मिळवू लागले. जात ते कोण? जे अधिक भांडखोर होते आणि ज्यांना सकाळच्या वेळी टोळीत बसून एकमेकांचे केस विंचरण्यात, उवा वेचण्यात रस नव्हता, ते. १९८३ ते १९८६ च्या दरम्यान खड्ड्यात टाकलेल्या क्षयग्रस्त गुरांच्या मांसातून रोग पसरला. खड्ड्यावरची टोळी बहुतेक संपली आणि फॉरेस्ट टोळीतून तेथे जाणारे सर्व नर मेले. टोळीतल्या प्रौढ नरांपैकी ते ४६ टक्के होते.

मागे राहिले ते सौम्य नर आणि माद्या. टोळीचा रंग बदलला. भांडणे झाली तरी ती जवळच्या पायरीवरच्यांत होत. वरून तळावर उगाच येणारा मार कमी झाला. केस विंचरणे, जवळ बसणे वाढले. हे काही वर्षे टिकले तर नवल नव्हते. नवल पुढेच आहे. बबूनमध्ये नर वयात आला की जन्माची टोळी सोडून दुसरीकडे जातो. १९९३ सालापर्यंत फॉरेस्ट टोळीतला एकही जुना नर उरला नव्हता. सर्व नर बाहेरून, इतर नेहमीच्या भांडखोर टोळ्यांतून आलेले होते. तरीही वागणूक सौम्यच राहिली. २००४ साली सपोल्स्की आणि लिसा शेअर यांनी हे प्रसिद्ध केले. नवीन आलेल्या नराशी येथल्या माद्या इतर टोळ्यांपेक्षा कितीतरी लवकर सलोख्याने वागू लागत, असे त्यांना आढळले. आलेल्याला कोणी शिकवीत होते असे नाही. त्याच्याशी चांगले वागले गेले आणि तोही तसा वागू लागला, असे स्पष्टीकरण त्यांना अधिक संभवनीय वाटते.

ही एकाच टोळीची हकिगत आहे आणि रोगाच्या अपघाताने घडलेली आहे. असा प्रयोग कोणी मुद्दाम करू शकत नाही. म्हणून तिच्यावरून फार मोठे सिद्धांत रचू नयेत हे खरे. परंतु एक मोजमाप येथे नोंदवलेच पाहिजे. या टोळीत पायऱ्या नाहीशा झाल्या नव्हत्या. पहिला नर होता, तसा शेवटचाही होता. सपोल्स्की यांनी फुंकनळीने सुई मारून खालच्या नरांचे रक्त घेतले, तेव्हा इतर टोळ्यांतल्या तळाच्या नरांत हमखास सापडणारे चढलेले कॉर्टिसॉल त्यांच्यात सापडले नाही.